काटापट्टी कापसाला मिळते, माणसाला का नाही?



जिनिंगच्या फाटकातून तुमची गाडी आत जाते. आधी भरलेल्या गाडीचे वजन होते, मग रिकाम्या गाडीचे. हातात काटापट्टी पडते. तिच्यावर तारीख, वेळ, गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. व्यापारी कितीही लबाड असो, काटापट्टी हातात पडल्याशिवाय आपण फाटकाबाहेर पाय टाकत नाही. उद्या भांडण झाले तर दाखवायला कागद पाहिजे, ही अक्कल आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लुटले गेल्यावर आलेली आहे.

आता दुसरे फाटक पाहा. पोलीस ठाण्याचे. तिथे तुमचा पोरगा आत जातो. किती वाजता गेला, कोणी नेला, कोणत्या कलमाखाली नेला, जाताना अंग धड होते की नव्हते, याची पट्टी बाहेर उभ्या असलेल्या बापाच्या हातात कोणी देत नाही. आणि खरी गोष्ट अशी, की बापही ती मागत नाही. क्विंटलभर कापसासाठी काट्यावर हमरीतुमरीवर येणारे आपण, पोटच्या पोरासाठी फाटकाबाहेर हात जोडून उभे राहतो.

एका रात्रीची गोष्ट

कापसाच्या भावासाठी आमचा रास्ता रोको होता. दुपारी दोनच्या सुमारास पोलिसांनी दोन गाड्या भरल्या. त्यात एक तिशीतला कार्यकर्ता होता. चार एकर कोरडवाहू, घरात आई आणि तो. पोराला मिरगीचा त्रास. गोळी रोज रात्री घ्यावी लागते, चुकली की झटका येतो. संध्याकाळी आई गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीला बांधून तालुक्याच्या ठाण्यात गेली.

"अथी कोनी नाही आनलं, बाई. हेडक्वार्टरले पाहा."

शेवटच्या एसटीने ती जिल्ह्याच्या ठिकाणी आली. तिथे सांगितले, आंदोलनवाले एका मंगल कार्यालयात ठेवले आहेत. मंगल कार्यालयात पन्नासेक माणसे होती, तो नव्हता. रात्रीचे अकरा वाजले होते. मी तिला तिथे भेटलो. पुढे आम्ही दोघांनी आणखी दोन ठाणी पाहिली. प्रत्येक ठाण्यात मी एकच विचारले, "साहेब, आज आणलेल्यांची यादी कुठे लावली आहे?" एका ठिकाणी ठाणे अंमलदार नुसता हसला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाला, "ही काय शाळा आहे का, निकाल लावायला?"

सकाळी समजले. दुसरी गाडी शेजारच्या तालुक्यात नेली होती. पोराला पहाटे झटका आला, फरशीवर आपटला, समोरचे दोन दात गेले. दुपारी सोडून दिले. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले, की या नावाचा माणूस त्या रात्री ठाण्यात नव्हताच. डायरीत नोंद नाही, अटक पंचनामा नाही, दवाखान्याचा कागद नाही. जो आत गेलाच नाही, त्याचे दात आत कसे पडतील?

पोलिसांनी दात पाडले असे मी म्हणत नाही. गोळी आईच्या पदरात होती आणि पोरगा कुठे आहे हे सांगणारी पाटी भिंतीवर नव्हती, म्हणून दात पडले.

मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. बोंडअळीचे कामगंध सापळे लावा, सलग तीन दिवस दर सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर समजा पाणी गळ्याशी आले, असे गावोगाव सांगत फिरलो. मोजा आणि लिहून ठेवा, हा त्यातला खरा धडा. ज्या वावरात सापळा लावला नाही तिथे पतंग नाहीत असे होत नाही. तिथे अळी बोंड फोडून आत गेल्यावर कळते. नोंद न झालेली अटक अशीच आहे. कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

पाटी लावण्याचा कायदा आहे

पोलीस म्हणतील, ही संघटनेची नवी मागणी. नवी नाही. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू नावाच्या गृहस्थांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे. अटकेचा कागद जागेवर तयार झाला पाहिजे, त्यावर वेळ आणि तारीख पाहिजे, घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष पाहिजे, अटक झालेल्याची सही पाहिजे. घरच्यांना कळवले पाहिजे आणि कोणाला कळवले त्याची डायरीत नोंद पाहिजे. त्याने मागणी केली तर अंगावरच्या लहानमोठ्या जखमा अटकेच्या वेळीच लिहून त्याची प्रत त्याला दिली पाहिजे. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी पाहिजे. आणि शेवटची गोष्ट, अटकेची व ठेवलेल्या जागेची माहिती १२ तासांच्या आत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला जाऊन तिथल्या फलकावर सर्वांना दिसेल अशी लागली पाहिजे. हे पाळले नाही तर तो न्यायालयाचा अवमान.

पुढे संसदेने हे कायद्यातच घातले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क आले, ते १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झाले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचे कलम ३७ पाठ करून ठेवा. जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदाराच्या खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमायचा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवणे ही त्याची जबाबदारी. ती माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावायची. कलम ४८ प्रमाणे घरच्यांना आणि त्या नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचे, त्याची ठाण्यात नोंद ठेवायची, आणि हे झाले की नाही याची खात्री मॅजिस्ट्रेटने करायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले, की अटकेची कारणे आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्या, आणि काही झाले तरी कोर्टात उभे करण्याच्या दोन तास आधी द्या.

म्हणजे कायद्याला कमी नाही. कमी आहे ती भिंतीवरच्या पाटीला. तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात जाऊन पाहा. "वाहने हळू चालवा" लिहिलेले सापडेल, हद्दीतल्या गावांची यादी सापडेल, साहेबांच्या नावांचा बदल्यांसह फळा सापडेल. आज कोठडीत कोण आहे हे सापडले, तर मला कळवा. मी जाहीर माफी मागेन.

"अटक नाही हो, स्थानबद्ध केले"

आंदोलनात एक हिकमत नेहमी वापरली जाते. पेपरात बातमी येते, "कार्यकर्त्यांना स्थानबद्ध करून नंतर सोडण्यात आले." १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे ताब्यात घेतले, ६९ प्रमाणे सोडले. कलम ६९ म्हणते, किरकोळ प्रकरणात प्रसंग टळल्यावर सोडून द्या. आता केंद्राच्या नव्या संहितेतही कलम १७२ आले आहे. तिथेही मॅजिस्ट्रेटपुढे न्या, किंवा किरकोळ प्रकरण असेल तर २४ तासांच्या आत सोडा असेच म्हटले आहे. ठाण्यात या कलमांचा अर्थ काय होतो? अटकच नाही, मग पंचनामा कशाला, पाटी कशाला, घरी फोन कशाला?

ही हिकमतही जुनी. जानेवारी १९९४ मध्ये गाझियाबादला जोगिंदर कुमार या तरुण वकिलाला पोलिसांनी चौकशीला बोलावले. भाऊ बरोबर गेले. संध्याकाळी सोडतो म्हणाले, सोडले नाही. घरचे एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरले. सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा पोलिसांचे म्हणणे असे, की तो अटकेत नव्हताच, आपणहून तपासाला मदत करत होता. वकिलाची ही गत, तर चार एकरवाल्याची काय सांगावी? त्याच निकालात न्यायालयाने अटक झालेल्याचा घरी कळवले जाण्याचा हक्क मान्य केला.

आपला मुद्दा साधा आहे. ज्या दाराला बाहेरून कडी आहे, त्या दारामागे असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव दाराबाहेर लिहिलेले पाहिजे. कलम कोणते ते साहेबांनी नंतर ठरवावे. मंगल कार्यालय, कवायतीचे मैदान, गोदाम, कुठेही ठेवा. वेळ आणि नाव लिहा.

सरकारला यादी लावता येत नाही?

मनुष्यबळ कमी आहे, संगणक बंद आहे, लाइट नाही, अशी उत्तरे मिळतात. मग सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी कशी लागते? मार्च आला की नावासकट, बापाच्या नावासकट, आकड्यासकट लागते. १०१ ची नोटीस घराच्या दाराला चिकटते. जप्तीचा दिवस चावडीवर वाचून दाखवतात. ज्वारी घरात येण्याआधी पतसंस्थेच्या माणसाला तुमचे घर सापडते. आणि रात्री अकरा वाजता एका आईला तिचा पोरगा कोणत्या इमारतीत आहे हे जिल्ह्याचे सगळे खाते मिळून सांगू शकत नाही!

आणखी पाहा. जी नोंद आपल्याला मारते ती मात्र कधी पुसली जात नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी एचटीबीटी कापूस उघडपणे लावला, गुन्हे दाखल झाले. असे आंदोलनाचे गुन्हे मागे घेऊ म्हणून दर सरकार घोषणा करते. पोरगा भरतीला जातो, चारित्र्य पडताळणी होते, आणि विसरलेला गुन्हा कागदावर उभा राहतो. आपल्याविरुद्धची नोंद दहा वर्षे टिकते. आपल्या बचावाची नोंद एक रात्र टिकत नाही.

अब्रूचा प्रश्न

काही भाऊ विचारतील, नाव पाटीवर लागले तर घराण्याची अब्रू जाणार नाही का? पोरीचे लग्न मोडणार नाही का? प्रश्न खोटा नाही, म्हणून दुसऱ्या टोकाला काय झाले ते पाहा.

अमेरिकेतले टेक्सस हे आपल्यासारखेच कापूस आणि ज्वारीचे राज्य. लबकच्या आसपास कोरडवाहू कापूसही आहे. तिथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. काउंटीचा शेरीफ लोकांनी निवडून दिलेला असतो आणि तुरुंग त्याच्या ताब्यात असतो. माणूस तुरुंगात आणला की त्याची दाखल नोंद होते. नाव, वेळ, आरोप, जामिनाची रक्कम, फोटो. अटकेची ही मूळ माहिती त्या राज्याच्या कायद्याने जनतेची आहे. कोणीही मागावी. कारण न विचारता मिळते.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. काही धंदेवाल्यांनी हे फोटो गोळा करून जगाला दाखवायला सुरुवात केली आणि फोटो काढून टाकायचे पैसे मागू लागले. निर्दोष सुटलेल्यांनाही ते पैसे भरावे लागले. २०१३ पासून टेक्सस, जॉर्जिया अशा राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. म्हणून आपण फोटो मागत नाही. माणूस कोठडीत आहे तोवर नाव पाटीवर, सुटला की पाटीवरून खाली. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांची नावे अजिबात नाहीत, तो कायदाच आहे. अत्याचार झालेल्या बाईची ओळख पटेल असे काहीही नाही. पाटी कैद्याला लाजवायला नाही, ठाण्याला जागे ठेवायला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १० जुलै २०१५ रोजी टेक्ससमधल्या वॉलर या ग्रामीण काउंटीत सँड्रा ब्लँड या तरुणीची गाडी अडवली. कारण काय, तर लेन बदलताना इशारा दिला नाही. वाद झाला, अटक झाली. १३ जुलैला ती कोठडीत फास लागलेल्या अवस्थेत सापडली. दाखल होताना भरलेल्या कागदात तिने आधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद होती. दर तासाला कैद्याला समक्ष पाहण्याचा नियमही तिथे पाळला गेला नव्हता. २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. नोंद उघडी होती, कागद भरलेला होता, पण ज्याने वाचून काही करायचे त्याने वाचला नाही. म्हणजे पाटी लागली की आपले काम संपत नाही. रोज कोणीतरी जाऊन ती वाचली पाहिजे.

ज्याच्यामागे संघटना नाही

आंदोलनातले आपण निदान पन्नास जण एकत्र आत जातो. बाहेर घोषणा चालू असतात. खरी परीक्षा त्याची आहे जो एकटा जातो. गावात मोटार चोरीला गेली, बैल चोरीला गेला, की गाडी सरळ पारध्याच्या बेड्यावर जाते. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, डोक्यातून गेला नाही. आणि पोलिसांना बेड्याचा रस्ता दाखवायला कोण जाते? भावांनो, पुष्कळदा आपल्यातलाच कोणीतरी जातो. तो पोरगा तीन दिवस कुठे होता हे आपण विचारले नाही, म्हणून चौथ्या दिवशी आपला पोरगा कुठे आहे हे सांगायची सवय ठाण्याला लागली नाही.

परभणीचे प्रकरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन झाले, अटका झाल्या. त्यात कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढा आदेश मिळवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले, आणि तो आदेश जुलै २०२५ मध्ये आला. मेलेल्यासाठी लढताना कागदच लागतात. जिवंत माणसासाठी ते पहिल्या बारा तासांत गोळा केले, तर कदाचित लढाईच लागत नाही.

आता काम

गाडीत भरताना जो बाहेर राहील त्याने तिथेच लिहावे. कोण, किती वाजता, गाडीचा नंबर, छातीवरच्या पट्टीवरचे नाव. मग ठाण्यात जाऊन "माणूस दाखवा" म्हणू नये, "स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक आणि वेळ सांगा" म्हणावे. नाही म्हणाले तर ११२ ला आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करून कलम ३७ चे नाव घ्यावे, फोन कोणी उचलला ते लिहावे. औषध चालू असेल तर ते चिठ्ठीसह लेखी अर्जाने द्यावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच म्हणजेच आपली काटापट्टी.

संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. सुटी असली तरी. म्हणून एकाने कोर्टात थांबावे. मारहाण झाली असेल तर ती मॅजिस्ट्रेटला तिथेच तोंडाने सांगावी आणि लिहून घ्यायला लावावी. पीसीआर मिळाला की एमसीआर, कोणत्या तुरुंगात पाठवले, हे कोर्टाच्या कागदावर असते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नये. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. फोन १५१००.

ठाणे दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. माणसाच्या जीविताशी आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, असे कलम ७(१) सांगते. त्याच अर्जात ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे त्या रात्रीचे चित्रण जपून ठेवायला सांगा. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण १८ महिने ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २ डिसेंबर २०२० चा आहे. आणि माणूस कुठेच सापडत नसेल तर कलम १०० प्रमाणे प्रांताकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे शोधाचा अर्ज करा. शेवटी उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका आहेच. नागपूर आणि औरंगाबाद आपल्याला लांब नाही.

जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडायचा आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात कलम ३७ चा फलक दर्शनी भिंतीवर लागावा. नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन त्यावर असावा. स्थानबद्ध केलेल्यांची नावेही त्यावर यावीत. महिन्याभरात हे झाले नाही, तर आपण स्वतः फळा आणि खडू घेऊन प्रत्येक ठाण्यासमोर बसू. आत गेलेल्या प्रत्येकाचे नाव आपण लिहू. त्यात पारध्याच्या पोराचे नाव पहिले असेल.

मेळाव्याला येताना प्रत्येक शाखेने एक काम करून यायचे आहे. आपल्या ठाण्यात जा, भिंत पाहा. फलक आहे की नाही, असेल तर त्यावर शेवटची तारीख कोणती, एवढे कागदावर लिहून आणा.